सरासरी कोणाच्या शिवारात पडते?

आज पाडवा. गुढी उभारून झाली, कडुनिंबाची कोवळी पाने गुळाबरोबर चावून झाली की गावोगावच्या देवळांत पंचांगवाचन सुरू होते. संवत्सराचे नाव, राजा, मंत्री, धान्याधिपती असे एकेक वाचत जोशीबुवा पावसाच्या परिच्छेदावर येतात आणि तोवर इकडेतिकडे बोलणारी मंडळी कान टवकारतात. यंदा पाऊस किती आढक, मेघांचा निवास कुणाच्या घरी, मृगाचे वाहन कोणते, हे ऐकण्यासाठीच शेतकरी तिथे बसलेला असतो. त्यावर त्याचा विश्वास किती, हा प्रश्न वेगळा. पण त्या परिच्छेदात एक वाक्य असते, त्याकडे आमचे लक्ष दरवर्षी जाते. एकूण पावसातला इतका भाग समुद्रावर, इतका डोंगरावर आणि उरलेला जमिनीवर, अशी वाटणी पंचांगकर्ता न चुकता करतो. त्याचे गणित खरे असो वा खोटे, त्याने एक पथ्य पाळलेले असते: डोंगराचा पाऊस तो जमिनीच्या खात्यात मांडत नाही.

आपले सरकारी कागद हे पथ्य पाळत नाहीत. सातारा जिल्ह्याचा सरासरी पाऊस असा एक आकडा दर पावसाळ्यात छापून येतो. या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. वारणेच्या पाणलोटातल्या पाथरपुंजचे नाव तर आता चेरापुंजीच्या जोडीने घेतले जाते. पूर्वेच्या टोकाला म्हसवड आहे. तिथे पाचशेच्या आत-बाहेर पडला तरी माणूस समाधानी होतो. या दोन गावांत सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरही अंतर नाही. सांगलीचे तेच. पश्चिमेला शिराळ्यात चांदोलीचे जंगल आणि पूर्वेला जतचा माळ. या सगळ्यांची बेरीज करून भागाकार केला की येणारी सरासरी कागदावर सुरेख दिसते. ती कोणाच्या शिवारात पडते, हे मात्र आजवर कुणाला सापडलेले नाही.

पाडव्याच्या दिवशी संवत्सरांची नावे ऐकताना एक नाव या दोन जिल्ह्यांना अजून टोचते. शके १९४१, विकारी नाम संवत्सर. ते ६ एप्रिल २०१९ रोजी सुरू झाले. साठ वर्षांच्या चक्रात क्रमाने येणारी ही नावे, त्यांचा अर्थ सहसा कुणी मनावर घेत नाही. पण त्या वर्षाने आपले नाव अक्षरशः कमावले. दुष्काळ, महापूर आणि अवकाळी अशी तिन्ही संकटे एकाच पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत, एकाच खोऱ्यात, कधी कधी तर एकाच आठवड्यात येऊन गेली. आज त्याची उजळणी करायची ती हळहळण्यासाठी नाही. त्या वर्षाने घालून दिलेला धडा आपण वहीत उतरवला की नाही, हे तपासण्यासाठी.

विकारी संवत्सराची गुढी उभी राहिली तेव्हा माणदेशातले गोठे रिकामे होते, कारण जनावरे छावणीत होती. २०१८ चा पाऊस दगा देऊन गेला होता. ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात माण, जत, आटपाडी ही नावे असणारच होती. म्हसवडजवळच्या छावणीत २०१९ च्या जानेवारीच्या पहिल्या दिवसापासून जनावरे दावणीला बांधली गेली. बायाबापड्यांनी जनावरांसोबत तिथेच मुक्काम ठोकला. पाण्याच्या टँकरच्या खेपा मोजणे हेच त्या उन्हाळ्यात गावकारभाराचे मुख्य काम झाले. रोहिणी कोरड्या गेल्या, मृगाने हुलकावणी दिली. मोसमी वारे केरळात ८ जूनला पोहोचले, पण पुढे सरकायला त्यांनी फार वेळ घेतला. जूनच्या शेवटी देशातला पाऊस सरासरीपेक्षा एक तृतीयांशाने कमी होता. चेन्नईचे तलाव आटले होते आणि त्या शहराला रेल्वेने पाणी न्यावे लागले.

मग पाऊस आला, आणि आला तो सह्याद्रीच्या माथ्यावर. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हाताऱ्या पावसाचे शेवटचे दिवस आणि आश्लेषा नक्षत्र, एवढ्या काळात महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर इथे तो थांबायचे नावच घेईना. कृष्णा, वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना, वारणा साऱ्या नद्या एकाच वेळी भरून वाहू लागल्या. कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेत मिसळते, हरिपूरला वारणा. म्हणजे सांगलीच्या दारात उभा राहणारा पूर हा सांगलीत पडलेल्या पावसाचा नसतोच. तो डोंगराकडून चालत आलेला असतो. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका मानला जातो. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ च्या महापुराच्या खुणा शहरातल्या लोकांनी भिंतींवर जपून ठेवल्या होत्या. त्या खुणा पाण्याखाली गेल्या. मारुती चौक, गावभाग, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, पलीकडे भिलवडीची बाजारपेठ, औदुंबर, डिग्रज. "२००५ ला इथवर आलं होतं, यापुढं येणार नाही" असे म्हणून वरच्या मजल्यावर थांबलेले कित्येकजण अडकले. अनुभव हा चांगला शिक्षक आहे खरा, पण तो मागच्याच परीक्षेचे उत्तर सांगतो.

८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली. १७ जण गेले. बायका, म्हाताऱ्या, लेकरे. महापुरातली ही घटना सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण ब्रह्मनाळ कुठे वसले आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात आले. हे गाव कृष्णा आणि येरळेच्या संगमावर आहे.

येरळा ही दुष्काळाची नदी. खटाव तालुक्याच्या उत्तरेकडच्या डोंगरात ती उगम पावते आणि खटाव, खानापूर, कडेगाव, तासगाव असा सगळा कोरडवाहू मुलूख तुडवत खाली येते. वर्षातले बहुतेक महिने तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त आणि आता वाळूही फारशी उरलेली नाही. हिच्याच काठच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे जगायला बाहेर पडली. सोने-चांदी गाळणारे गलाई कारागीर होऊन ती देशभरच्या सराफ बाजारांत पोहोचली, ती हौसेने नव्हे. अशी ही नदी ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. कृष्णा फुगली की संगमावर तिचे पाणी येरळेच्या पात्रात उलटे शिरते आणि गावाला दोन्हीकडून वेढा पडतो. ज्या नदीच्या उगमाकडे माणसे हंडाभर पाण्यासाठी तिष्ठत होती, तिच्याच मुखाशी माणसे पाण्यात बुडाली. दुष्काळ आणि महापूर हे दोन वेगळ्या प्रदेशांचे दोन वेगळे प्रश्न आहेत, असे मानणाऱ्याने नकाशा उघडून एकदा या गावावर बोट ठेवावे.

त्याच आठवड्यात जत आणि माणमध्ये टँकर सुरूच होते. सांगलीत लष्कराच्या बोटी फिरत होत्या आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला लोक टँकरची वाट पाहत होते. एकाच जिल्हाधिकारी कार्यालयातून दोन्ही आदेश निघत होते. दुष्काळी गावांनी मात्र या विसंगतीवर काथ्याकूट केला नाही. त्यांनी भाकरीच्या चळती बांधल्या, चटणीचे डबे भरले आणि टेम्पो पूरग्रस्तांकडे धाडले. ज्यांच्याकडे पाणी नव्हते त्यांनी पाण्यात अडकलेल्यांना जेवू घातले. ही गोष्ट कोणत्याही शासकीय अहवालात सापडणार नाही, म्हणून ती इथे नोंदवतो.

वर्ष तिथेही संपले नाही. परतीचा मोसमी पाऊस देशातून माघारी फिरायला सुरुवातच ९ ऑक्टोबरला झाली. नोंदींतली ती सर्वांत उशिराची. हस्ताचा पाऊस झाला, चित्राचा झाला आणि मग अरबी समुद्रात आधी 'क्यार' व पाठोपाठ 'महा' अशी चक्रीवादळे उठली. ऐन स्वातीत, दिवाळीच्या तोंडावर आणि नंतर, तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ या द्राक्षपट्ट्यात पाऊस कोसळत राहिला. ऑक्टोबर छाटणी झालेल्या बागा पोंगा अवस्थेत, काही फुलोऱ्यात. घडकूज, मणीगळ आणि त्यावर दावण्या. बागायतदार रात्री फवारणी करायचा, पहाटे पाऊस ती धुऊन न्यायचा, सकाळी पुन्हा ट्रॅक्टर बाहेर. महापुरातून वाचलेली बाग अवकाळीने नेली. राज्यात तेव्हा राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी फळबागांना हेक्टरी १८ हजार रुपये, तेही २ हेक्टरच्या मर्यादेत जाहीर केले. द्राक्षबागेचा खर्च एकरी लाखांत मोजणाऱ्याने या मदतीकडे कसे पाहिले असेल, ते सांगायला नको. तरीही ज्या बागा तगल्या त्यांचा माल काढणीला आला तोवर पुढचा पाडवा उजाडला: २५ मार्च २०२०, देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवस. विकारी संवत्सर असे संपले.

आता त्या वर्षाचा देशाचा हिशेब पाहा. २०१९ च्या मोसमी हंगामात देशात सरासरीच्या ११० टक्के पाऊस झाला. कागद म्हणतो, वर्ष चांगले गेले. जूनची तूट आणि सप्टेंबरचा अतिरेक यांनी एकमेकांना झाकून टाकले. जत कोरडे आणि सांगली बुडालेली, यांची सरासरी काढली तर जिल्ह्याला पाऊस ठीक झाला असेच उत्तर येते. एका पायाला चटका आणि दुसऱ्याला बर्फ लावून माणसाला ऊब मिळाली म्हणावे, तसला हा प्रकार.

हे एकाच वर्षाचे विपरीत होते असे म्हणून सोडून देता आले असते, तर आजचा हा लेख लिहिण्याची गरज नव्हती. हवामानशास्त्राने त्याची कारणे सांगितली आहेत. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा बराच तापला होता. ते अंतर नोंदींतले मोठ्यात मोठे होते. अरबी समुद्र गेली कित्येक दशके तापत चालला आहे, आणि तापलेली हवा जास्त वाफ धरते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस वाढला, असा त्याचा अर्थ नाही. पावसाचे दिवस कमी होत आहेत आणि उरलेल्या दिवसांत तो घागरीने ओतला जात आहे. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर झड गेली, सर आली. झडीचा पाऊस मुरतो, सरीचा वाहून जातो.

विकारीनंतरची वर्षे याचीच साक्ष देतात. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. माणदेशाचा वर्षाचा पाऊस एका दिवसात! त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या वस्त्यांवर डोंगर घसरला आणि घरे माणसांसकट गाडली गेली. सांगलीत पुन्हा पूर आला. दोनच वर्षांनी उलटे चित्र. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशाचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऑक्टोबरअखेर जाहीर झालेल्या ४० दुष्काळी तालुक्यांच्या पहिल्या यादीत वाई आणि शिराळा होते, आणि माण, जत, आटपाडी नव्हते. पावसाळी मुलखाला दुष्काळ लागला आणि पिढीजात दुष्काळी मुलूख निकषांत बसला नाही. आणि २०२५ मध्ये रोहिणी नक्षत्र लागते न लागते तोच, २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला, आजवरचा सर्वांत लवकर. फलटण-माणच्या कोरड्या पट्ट्यात मे महिन्यातच ओढे दुथडी वाहिले. ज्या शेतात पेरणीपूर्व मशागत व्हायची तिथे चिखल.

मृगाला पेरावे, हस्ताने काढणीआधी एकदा भिजवावे, स्वातीने रब्बीला हात द्यावा, ही नक्षत्रांची वही कोणा एका ज्योतिषाने लिहिलेली नव्हती. शेकडो वर्षे पाऊस पाहणाऱ्यांचा तो अनुभव होता. ती वही आता जुळेनाशी झाली आहे. तिच्या जागी नवी वही हवी, आणि ती लिहिण्याची सोय आपण केलेली नाही, हे आमचे आजचे म्हणणे आहे.

आपली व्यवस्था संकटांचे वेगवेगळे खाते उघडते. दुष्काळाचे एक, त्यात पैसेवारी, टँकर, छावणी. पुराचे दुसरे, त्यात स्थलांतर, सानुग्रह अनुदान, पंचनामा. अवकाळीचे तिसरे, त्यात विमा आणि पुन्हा पंचनामा. प्रत्येक खात्याचा निकष वेगळा, तारीख वेगळी, अर्ज वेगळा. ज्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर ही तिन्ही संकटे एकाच वर्षात आली, त्याच्या एकत्रित नुकसानीला कुठल्याच खात्यात जागा नाही. चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी. मंडळाच्या गावी ६० पडला आणि चार कोसांवरच्या शिवारात शंभर, तरी कागदोपत्री अतिवृष्टी नाही. हवामानावर आधारित फळपीक विमाही अशाच एका मंडळातल्या यंत्राच्या आकड्यावर ठरतो. जिल्ह्याच्या सरासरीचा खोटेपणा लहान होऊन मंडळात आला, एवढेच.

हे बदलणे अशक्य नाही, आणि या मातीला तर ते अजिबातच अवघड वाटू नये. दुष्काळात हात पसरायला लावू नका, हाताला काम द्या, हा विचार तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांनी मांडला. विधान परिषदेचे सभापती असलेल्या या माणसाने आपल्याच मुलखात आधी त्याचा प्रयोग करवून घेतला. १९७२ च्या दुष्काळाने त्याची कसोटी पाहिली, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने तो उचलला. येरळेवर तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी नदीतली वाळू विकून १९८० च्या दशकात बळीराजा धरण बांधले आणि पाण्यावर प्रत्येक कुटुंबाचा सारखा हक्क, हे तत्त्व रुजवले. आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडींनी वर्षानुवर्षे पाणी परिषदा भरवून तेरा दुष्काळी तालुक्यांचा आवाज एक केला. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचे पाणी आज चढ चढून त्या माळांवर पोहोचते, ते त्या रेट्याचे फळ. संकटातून कायदा घडवण्याची परंपरा असलेल्या प्रदेशाने संकटांची नवी मांडणी करायला कोणाची वाट पाहावी?

दोन-तीन गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात. पुराचे पाणी उचलून दुष्काळी भागाला द्या, ही मागणी रास्त आहे. त्याने पूर ओसरेल, ही समजूत मात्र चुकीची. पूर लाखो क्युसेकचा असतो, पंपांची ताकद त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण तेवढ्यानेही माण-जतचे तलाव भरू शकतात. त्यासाठी पंप पावसाळ्यात कधी सुरू करायचे आणि वीजबिल कोणी भरायचे, हे उन्हाळ्यातच ठरलेले हवे. दरवर्षी मंत्र्यांच्या घोषणेची वाट पाहणे थांबायला हवे. दुसरे, पूररेषेचे. निळी आणि लाल रेषा नकाशावर आखून झाल्या, जमिनीवर त्यांच्या आत बांधकामे उभी राहिली. २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टीबरोबर या अतिक्रमणांवरही बोट ठेवले. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची हा वादाचा विषय आहे आणि राहील, पण आपल्या नदीच्या पात्रात आपणच घातलेल्या भरावाचा जाब कर्नाटकाला विचारता येत नाही. तिसरे, पाऊस मोजण्याचे. पाऊस मंडळात नव्हे, गावात मोजला पाहिजे आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लिहिला पाहिजे. तो लपवायचे कारणच नाही.

शेवटी पाडव्याकडेच यायचे. पंचांगवाचनाला आमचा विरोध नाही. नव्या वर्षाची आशा ऐकायला माणसे एकत्र येतात, ही चांगली गोष्ट आहे. आमची एक सूचना आहे. जोशीबुवांचे वाचन संपले की त्याच देवळात, त्याच जाजमावर, ग्रामपंचायतीने आणखी एक वाचन करावे: सरलेल्या वर्षाचे. गावात पाऊस कोणत्या नक्षत्रात किती मिलिमीटर पडला, सलग किती दिवस पडलाच नाही, टँकर कोणत्या तारखेला आला आणि कधी बंद झाला, पाणी चावडीच्या कितव्या पायरीपर्यंत चढले, कोणाच्या बागेचा पंचनामा राहिला. पाच-दहा मिनिटांचे काम. मोळ्यांनी साठलेले अहवाल जे सांगत नाहीत ते या एका पानात मावेल. उगमाकडच्या खटावच्या गावाने आपले पान वाचावे, मुखाकडच्या ब्रह्मनाळने आपले. मग ती दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहावीत. एकाच नदीची ती दोन टोके आहेत आणि त्यांच्यामध्ये कुठेही सरासरी नाही.

वाचकांना नववर्षाच्या शुभेच्छा. पाऊस यावा, बेताने यावा आणि आला तेवढा मोजला जावा.